एकसारखं दिसण्याचा खर्च

पालक : सर, गणवेशामुळे गरीब-श्रीमंत सगळी मुलं सारखी दिसतात, हे मी स्वतः शाळेत होते तेव्हापासून ऐकतेय. आता माझी दोन मुलं डोंबिवलीतल्या खासगी शाळेत आहेत आणि दर जूनला वाटतं, हे सारखं दिसणं आम्हाला परवडेनासं झालंय. रोजचे दोन जोड, पी.टी.चा वेगळा, हाऊसचा टी-शर्ट त्याहून वेगळा. मुलगी गेल्या वर्षी लाल हाऊसमध्ये होती, यंदा हिरव्यात टाकली, की लाल टी-शर्ट कपाटात पडून. काळे बूट, पांढरे बूट, दोन तऱ्हेचे मोजे, पट्टा, टाय. काही शाळांनी तर ब्लेझरही लावलाय; खाडीकाठच्या या दमट हवेत मुलांनी तो चढवून बाकावर बसायचं. आणि हे सगळं येतं कधी, तर पहिल्या सत्राची फी, वह्या-पुस्तकं, स्कूलबसचे आगाऊ पैसे आणि रेनकोट ज्या पंधरवड्यात येतात, त्याच पंधरवड्यात. आमच्याकडे कितीतरी घरांत जूनचा खर्च भिशीवर निघतो, आणि भिशी लागली नाही तर उसनवारीवर. समतेसाठी म्हणून अंगावर चढणारा कपडा उसनवारीनं घरात येत असेल, तर ती समता कुणासाठी आहे, हे मला विचारायचंय.

शिक्षक : तुमचा जून मला कळतो, ताई. पण गणवेश नसता तर काय झालं असतं, तेही मी पाहिलंय. ठाण्यात महापालिकेच्या शाळेत मी नोकरीभर शिकवलं. वाढदिवसाला रंगीत कपडे घालून यायची मुभा तिथेही होती. बहुतेक मुलं आदल्या आठवड्यापासून सांगत सुटायची. काही मुलं मात्र नेमकी त्या दिवशी गैरहजर राहायची. दुसऱ्या दिवशी विचारलं की आई सांगणार, ताप होता. पहिल्या दोन-तीन वेळा मी तापावर विश्वास ठेवला. नंतर हजेरीपट आणि जन्मतारखा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा हा ताप कसला ते समजलं. वर्षातला एक रंगीत दिवस मुलाला घरी बसवू शकतो. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरायला हवी. तेवढे सगळे दिवस रंगीत झाले असते तर? दोन जोडांवर वर्ष निघतं, एवढा स्वस्त पोशाख गरिबाच्या घरात दुसरा कुठला नसतो. केनियात एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गांतल्या मुलांना गणवेश फुकट देऊन पाहिले. मुलींची गळती कमी झाली, लवकर लग्न आणि लवकर येणारं बाळंतपणही कमी झालं. २०१५ मध्ये तो अभ्यास छापून आला. एका पोशाखाच्या पैशांवर मुलीचं शाळेत टिकणं अवलंबून असू शकतं.

पालक : म्हणजे तुमच्याच उदाहरणात गणवेशाचे पैसे हा अडसर होता आणि तो काढल्यावर मुली टिकल्या. मी तेच म्हणतेय. गणवेश असावा की नसावा, हे माझं भांडणच नाही. तो कुणाकडून घ्यायचा हे ठरवायची मोकळीक मला नाही, हे माझं भांडण आहे. आपल्याकडे जुन्या मराठी शाळांत पांढरा सदरा आणि खाकी अर्धी चड्डी असायची. ते कापड कुठल्याही दुकानात मिळे. कुणी तयार घेई, कुणी गल्लीतल्या शिंप्याकडे टाकी, कुणी थोरल्या भावाची चड्डी आखडून घाली. आता शाळेची चौकड ठरलेली असते, त्यात तीन रंगांच्या रेघा, खिशावर शाळेचं चिन्ह भरतकामात, कॉलरला वेगळी पट्टी. ते कापड एकाच दुकानात येतं. कल्याणच्या खाडीपलीकडे भिवंडीत यंत्रमाग आहेत, उल्हासनगरात गल्लोगल्ली जीन्स शिवतात, आणि सोलापूर तर शाळेच्या गणवेशांसाठीही ओळखलं जातं. तिथल्या उत्पादकांनी २०१७ पासून गणवेशांची प्रदर्शनं भरवायला सुरुवात केली. कापड आणि शिवणारे हात इतके जवळ असताना भावाला स्पर्धा नाही, कारण रेघ एकाकडेच आहे. आणि चार वर्षांनी शाळेनं रेघ बदलली की धाकट्याला थोरल्याचं काही चालत नाही. शेजारणीला द्यायलाही उपयोग नाही. नव्या जोडाच्या किमतीइतकाच हा तोटा मोठा आहे, पण तो कुठल्या बिलावर दिसत नाही.

शिक्षक : सक्ती करता येत नाही, ताई. अमुक दुकानातूनच घ्या असं शाळेनं म्हणू नये, हा शासन निर्णय २००४ च्या जूनमधला आहे. सीबीएसईनेही २०१७ च्या एप्रिलमध्ये शाळांना बजावलं होतं की शाळा म्हणजे दुकान नव्हे, पुस्तकं-गणवेश विकू नका.

पालक : सक्ती कुणी लेखी करतं का? सूचनेत दुकानाचं नाव नसतं. फक्त कापडाचा नमुना त्या एकाच दुकानात असतो. फी वाढवायची तर २०११ च्या शुल्क नियमन कायद्यानुसार पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसमोर प्रस्ताव यावा लागतो, तिथे निदान कुणी हरकत तरी घेऊ शकतं. कापडाची रेघ बदलायला तसं कुणासमोर जावं लागल्याचं मी पाहिलेलं नाही. आणि तक्रार कुणी करायची? शिक्षणाधिकाऱ्याकडे अर्ज देणाऱ्या पालकाचं मूल दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात बसायचं असतं.

शिक्षक : हे खरं आहे. पण तुमची मोकळीक मान्य केली तर पुढे काय होतं, तेही ऐका. आमच्या शाळेत काही वर्षं फक्त रंग ठरलेला होता, दुकान नव्हतं. आकाशी सदरा, गडद निळी पँट, कुठूनही घ्या. जूनमध्ये प्रार्थनेला मुलं उभी राहिली की निळ्याचे किती प्रकार असू शकतात ते दिसायचं. जांभळी नाक्याच्या बाजारातून घेतलेला निळा एक, फेरीवाल्याकडचा दुसरा, गावाहून मामानं आणलेला तिसरा. ज्याच्या कापडात सूत कमी आणि रंग कच्चा, त्याचा निळा गणपतीपर्यंत राखाडी व्हायचा. मग ओळीत उभं असलेलं मूल कुठल्या घरातलं आहे हे सांगायला काही लागायचंच नाही. मी स्वतः वर्गात त्या छटांवरून मुलांची परिस्थिती ओळखायला लागलो होतो. मुलं तर माझ्यापेक्षा आधी ओळखायची. एका मुलीला बाकीच्या 'धुवट' म्हणून हाक मारत. ती मुलगी सदऱ्यावर स्वेटर घालून बसायची, उकाड्यातसुद्धा. त्या वर्षी पालकांच्या बैठकीत मीच म्हणालो की कापड एकाच ठिकाणाहून आणू. दुकानदाराचं भलं करायला नव्हे, तर त्या मुलीच्या अंगावरचा स्वेटर निघावा म्हणून. गणवेश जितका स्वस्त आणि मोकळा करावा, तितकी गरिबी त्यातून पुन्हा डोकावते. तो जितका काटेकोर करावा, तितका पालक बांधला जातो. या दोन्हींच्या मधली जागा मला नोकरीभर सापडली नाही.

पालक : सरकारला सापडली असं वाटलं होतं ना? एक राज्य, एक गणवेश.

शिक्षक : तो सगळा प्रवास सांगतो, कारण त्यात आपल्या प्रश्नाची जवळजवळ सगळी उत्तरं वापरून झाली आहेत. आधी पैसे शाळा व्यवस्थापन समितीकडे यायचे. समितीत बहुसंख्य पालकच. ते ठरवायचे, ते आणायचे. दोन जोडांना मिळून ४०० रुपये. २०१७-१८ मध्ये ठरलं की मध्ये कुणी नको, पैसे थेट मुलाच्या आणि पालकाच्या संयुक्त खात्यात. ऐकायला किती सरळ! पण आधी गणवेश घ्यायचा, पावती दाखवायची, मग पैसे. ज्या बाईकडे आधी ४०० रुपये नाहीत म्हणून योजना, तिनेच ते आधी घालायचे. त्यात खातं उघडायला एक दिवसाची मजुरी बुडवायची, आणि पुढे शिल्लक कमी म्हणून बँक कापणार ते वेगळं. पुढच्या वर्षी ते पुन्हा समितीकडे आलं. समग्र शिक्षा अभियानात ४०० चे ६०० झाले. मे २०२३ मध्ये तेव्हाचे शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी एक राज्य, एक गणवेश जाहीर केलं. त्याच वर्षी एक फार चांगली गोष्ट झाली, ती या गोंधळात कुणाच्या लक्षात राहिली नाही. तोवर मोफत गणवेश सगळ्या मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व दारिद्र्यरेषेखालच्या मुलग्यांना मिळे. म्हणजे एकाच बाकावर एकाला मिळायचा, शेजारच्याला नाही, आणि ते सगळ्या वर्गासमोर वाटले जायचे. २०२३ पासून सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत आठवीपर्यंत तो सर्वांना मिळू लागला. बूट-मोज्यांसाठीही मुलामागे १७० रुपये ठरले.

पालक : १७० रुपयांत बूट आणि मोजे?

शिक्षक : एक बूटजोड, दोन मोजेजोड. रकमेबद्दल तुमच्याशी वाद घालत नाही. तर २०२४-२५ मध्ये राज्यभराचं कापड एकत्र घेतलं. नेहमीचा गणवेश शिवायचं काम महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांकडे गेलं आणि दुसऱ्या, स्काऊट-गाईडच्या जोडाचं कापड शाळांकडे आलं. त्या जोडाला शिलाई १०० रुपये आणि वरखर्च १० रुपये. ठाण्यातल्या कुठल्याही शिंप्याला विचारा, १०० रुपयांत फुलपँट आणि सदरा कोण शिवून देतो. आपल्याकडे शिवणारी बाई उल्हासनगरच्या कारखान्याचं काम सोडून हे घेणार नाही. पण पैशांपेक्षा मला मापाचं दुःख जास्त आहे. पाचवीची मुलं म्हणजे एका मापाची मुलं, असं वरून गृहीत धरलं गेलं. शिंपी मुलाला समोर उभं करतो, टेप लावतो आणि आईला न विचारता वाढत्या अंगाचं धरतो. बाजूच्या शिवणीत दोन बोटं माया ठेवतो, पँटच्या खाली आत पट्टी दुमडतो. दिवाळीनंतर उसवली की कपडा आणखी वर्षभर जातो. गठ्ठ्यानं आलेल्या कपड्यात माया नसते, कारण माया म्हणजे कापड, आणि लाखो जोडांत दोन-दोन बोटं वाचवली की ठेका जमतो. जे आले त्यातले कित्येक एक तर खांद्यावरून घसरायचे, नाहीतर काखेत कापायचे. आणि १५ ऑगस्ट २०२४ ला अनेक शाळांत झेंड्याखाली मुलं जुन्या गणवेशात उभी राहिली, कारण नवे पोचलेच नव्हते. त्या डिसेंबरात निर्णय फिरला. २०२५-२६ पासून पुन्हा शाळा व्यवस्थापन समिती.

पालक : आणि त्यात दोन जोड म्हणजे दोन वेगळे जोड होते. एकाचा दिवस असला की दुसरा चालत नाही. जुलैत आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत कपडे कसे वाळतात हे ठरवणाऱ्याला माहीत असतं, तर त्यानं एकाच रंगाचे दोन दिले असते. पंख्याखाली दोरी बांधायची, रात्रभर पंखा, सकाळी तरी पँटच्या कमरेची पट्टी ओलीच. मग तव्यावरून उतरवलेल्या पोळ्या बाजूला ठेवून आई इस्त्रीनं ती पट्टी शेकत बसते. ओल्या कपड्यात मूल पाठवायचं नाही म्हणून दांडी पडते. हा खर्च कुठल्या हिशेबात धरायचा? पण सर, मला त्या योजनेतली दुसरीच गोष्ट जास्त खुपली. राज्यभर एक रंग म्हणजे कुणाचा एक? खासगी शाळांना तो लागू नव्हता. तेव्हा आकाशी सदरा आणि गडद निळी पँट रस्त्यावर दिसली की डोंबिवलीत कुणीही सांगे, महापालिकेच्या शाळेतला मुलगा. शाळेच्या भिंतीच्या आत तो सारखा झाला आणि फाटकाबाहेर आला की त्याच्या अंगावर त्याची पायरी लिहिलेली. तुमच्या निळ्याच्या छटा वर्गात होत्या. मग त्या स्टेशनच्या पुलावर आल्या. पुलावर एका बाजूनं ब्लेझर येतो, दुसऱ्या बाजूनं फुकटचा सदरा. काटेकोरपणे सारखं केल्यानं अंतर मिटलं नाही, फक्त शाळांच्या मध्ये सरकलं.

शिक्षक : हे मी असं कधी मांडलं नव्हतं. पण याचं उत्तर म्हणून त्या मुलाचा सदरा रंगीबेरंगी करायचा का? त्यानं पुलावरची पायरी पुसली जाणार नाही आणि वर्गातली परत येईल. पायरी पुसायची तर ब्लेझरवाल्यांना खाली यावं लागेल. त्यांच्या शाळांनाही साधा, कुठेही मिळणारा गणवेश घालावा लागेल. ते तुमच्या शाळेतले पालक मान्य करतील?

पालक : सगळे नाही करणार. खरं सांगायचं तर काहींना तो ब्लेझर हवाच असतो. प्रवेशाच्या वेळी शाळा बघायला जातात तेव्हा इमारत, मैदान आणि गणवेश, या तीनच गोष्टी बाहेरून दिसतात. गणवेश महाग म्हणजे शाळा बरी, असा हिशेब करणारे आमच्यातच आहेत. शाळेला ते पुरतं कळतं. पण त्याच वर्गात आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव २५ टक्क्यांत आलेली मुलं आहेत, त्यांचं काय? लॉटरीत मुलीचं नाव लागलं म्हणून आमच्या कामवाल्या ताईंनी पेढे वाटले होते. जूनमध्ये कळलं की फी माफ आहे, गणवेश नाही.

शिक्षक : तसं व्हायला नको. केंद्राच्या २०१० च्या नमुना नियमांत स्पष्ट लिहिलंय, या मुलांना पुस्तकं, लेखनसाहित्य आणि गणवेश मोफत.

पालक : नियम सांगायला त्या गेल्या. शाळेचं म्हणणं, सरकारकडून आमचे फी-परताव्याचेच पैसे थकलेत, गणवेश कुठून देऊ? सरकारचं म्हणणं, शाळेनं द्यावा. दोघांच्या मध्ये ताईंनी महिन्याभराची उचल घेतली आणि त्या एका दुकानातून एकच जोड आणला. एकच. मुलगी रोज घरी आली की तो धुवायचा. आता तुमच्या शाळेत होती तशी कुठूनही घ्यायची मोकळीक असती तर त्यांनी कल्याणच्या बाजारातून निम्म्या भावात दोन आणले असते.

शिक्षक : आणि वर्गात ती दुसऱ्या निळ्याची मुलगी झाली असती.

पालक : हो. एक जोड पण सारखा, की दोन जोड पण वेगळे, यातलं एक तिच्या आईनं निवडायचं. तिनं सारखा निवडला. मी तिच्या जागी असते तर तेच केलं असतं, आणि त्याचाच मला राग येतो. दुकानाला हे पक्कं ठाऊक असतं की आई दुसऱ्या निळ्यात मूल पाठवणार नाही. भाव त्या भीतीवर ठरतो.

शिक्षक : थोडं दुकानदाराच्या बाजूनं बोलू द्या, नाहीतर आपण खोटा शत्रू उभा करू. पहिलीपासून दहावीपर्यंतची मापं, मुलांची, मुलींची, प्रत्येक शाळेची वेगळी, हे सगळं तो एप्रिलमध्ये पैसे घालून भरून ठेवतो. विक्री सहा-सात आठवड्यांची. शाळेनं रेघ बदलली की मागचा माल गेला. त्यातून शाळेला काही द्यावं लागत असेल तर तेही भावात येतं. खूप शाळांनी खूप वेगळे गणवेश ठेवल्यामुळे प्रत्येक गणवेश महाग आहे. इंग्लंडमध्ये २०२१ मध्ये गणवेशाच्या खर्चाबद्दल कायदाच झाला. शाळेचं चिन्ह असलेल्या वस्तू कमीत कमी ठेवा, एकाच पुरवठादाराशी बांधून घेऊ नका, वापरलेले गणवेश पालकांना मिळतील अशी सोय करा, अशी मार्गदर्शक तत्त्वं त्याखाली शाळांना पाळावी लागतात. आपल्याकडे हे का होऊ नये? सदरा-पँट साधी, रंग ठरलेला, चिन्ह फक्त एका कापडी बिल्ल्यावर. तो शाळेनं द्यावा आणि आईनं खिशावर शिवावा. पाच वर्षं बदल नाही.

पालक : पुन्हा तुमच्या छटा येतील, सर. तुम्हीच सांगितलंत.

शिक्षक : म्हणून रंगाच्या नावाऐवजी कापड ठरवावं. गिरणीचा छटा क्रमांक असतो, धाग्याचं मिश्रण असतं. शाळेनं तो क्रमांक फलकावर लावावा, म्हणजे कुठलाही दुकानदार तेच ठाण मागवू शकेल. ठाण्यातल्या दहा शाळांनी मिळून एकच क्रमांक धरला तर दहा दुकानांत ते कापड मिळेल आणि भाव आपोआप उतरेल.

पालक : हे मला पटतं. पण दहा शाळांची मुलं एका निळ्यात दिसली तर त्या शाळा स्वतःला वेगळ्या कशा दाखवणार? ज्या कारणासाठी आपल्याला हे हवंय, त्याच कारणासाठी त्यांना नको असेल. शिवाय ६०० रुपयांच्या हिशेबात असं टिकाऊ कापड बसतं का? जोडाला ३०० रुपये. पहिलीच्या मुलाच्या अर्ध्या चड्डीला तेवढेच आणि आठवीच्या मुलाच्या फुलपँटला तेवढेच. चांगलं मिश्रण ठरवलं तर महापालिकेच्या शाळेला ते परवडणार नाही, आणि परवडणारं ठरवलं तर आमच्याकडचे पालक म्हणतील, हे कसलं पातळ कापड.

शिक्षक : मग तुम्ही हा विषय पालक-शिक्षक संघात काढा. निदान छटा क्रमांक मागा. तुम्ही नीट मांडाल.

पालक : मी काढेन. काय होईल तेही सांगते. बैठक शनिवारी सकाळी अकराला असते. ज्यांच्या घरी एकच जोड आहे त्या ताई तेव्हा चौथ्या घरची भांडी घासत असतात. बैठकीला आम्ही येतो, ज्यांना कुरकुरत का होईना पण जमतं. मी बोलले की मुख्याध्यापिका विचारतील, तुम्हाला अडचण आहे का? नाही म्हटलं तर विषय तिथेच संपला, कारण अडचण असलेलं कुणी समोर नाही. दुसऱ्या कुणाला आहे म्हटलं तर विचारतील, कुणाला? तिथे मी त्यांचं नाव घेतलं तर सोमवारी ती मुलगी वर्गात कुठल्या नजरेनं पाहिली जाईल, हे तुम्ही मला सांगायला नको.

शिक्षक : नाव न घेता मागता येणार नाही का?

पालक : मागता येईल. पण त्याला माझ्यासारख्या वीस-पंचवीस जणींनी, ज्यांना आज परवडतंय त्यांनी, हात वर करावा लागेल. आणि त्यातल्या निम्म्या जणींना तो ब्लेझर हवाय.